क्षमेचा उपदेश नेमका कोणाला?

‘मनातला राग सोडा, माफ करा, शांत व्हा’ हा उपदेश ऐकायला हल्ली नागपुरात कुठे लांब जावं लागत नाही. धरमपेठेतल्या सभागृहातली व्याख्यानं, अंबाझरीला फिरून झाल्यावर बाकांवर रंगणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पा, अपार्टमेंटच्या गच्चीवरचे योगवर्ग, सगळीकडे तो आहे. आणि जिथे तो आहे तिथे त्यावरचा वादही आहे. व्याख्यान संपलं की मागच्या रांगेतून कोणीतरी उठतं आणि विचारतं, “म्हणजे ज्याने केलं तो मोकळा, आणि ज्याने सोसलं त्यानेच पुन्हा शहाणपण दाखवायचं का?” मग दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, राग हा आजार आहे, तो धरून बसाल तर तुमचंच वाटोळं होईल. दुसऱ्याचं म्हणणं, राग हे दुबळ्याचं एकमेव हत्यार आहे आणि ते टाकायला सांगणारा माणूस बलवानाचा वकील असतो. टाळ्या दोन्हीकडे पडतात आणि लोक आले तसे घरी जातात. मला हा वाद फार मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच तो इतक्या कच्चेपणाने घातला जातो याचं दुःख होतं.

कच्चेपणा कुठे आहे? दोन्ही तट एकच गोष्ट गृहीत धरून चालतात. राग आणि हक्क एकाच गाठीत बांधलेले आहेत, एक सोडला की दुसरा सुटणारच, असं दोघांनाही वाटतं. म्हणून शांतीचा तट रागासोबत तक्रारही मागे घ्यायला सांगतो, आणि न्यायाचा तट तक्रार जिवंत ठेवायची म्हणून राग पेटता ठेवायला सांगतो. माझं म्हणणं असं की मनातला डूख सोडणं आणि आपला दावा सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं माणसाने स्वतःसाठी, स्वतःच्या सवडीने करावं, आणि जमेल तितकं करावंच. दुसरं करायला त्याला कोणीही सांगू नये. इतकंच नव्हे, पहिलं ज्याला साधलं तोच दुसरं लांबवर लढवू शकतो, असं इतिहास पाहिला की दिसतं.

या दोन कामांची सरमिसळ किती सफाईने केली जाते हे पाहायचं असेल तर एखाद्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सकाळभर बसावं. बाहेर झेरॉक्सवाले, दस्त लिहिणारे, साक्षीदार शोधत फिरणारी माणसं. आत बाकावर तीन-चार भाऊ आणि त्यांच्या मधोमध पदर सावरत बसलेली बहीण. वडिलांच्या नावाचं घर किंवा प्लॉट असतो, आखीव पत्रिकेवर, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीवर, सगळ्या वारसांची नावं चढलेली असतात, आणि बहिणीचं नाव तिथून काढायचं असतं. हक्कसोडपत्र तयार असतं. काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर लाखांचा हिस्सा सुटणार असतो. अशाच एका सकाळी मी एका थोरल्या वहिनीला नणंदेच्या कानाशी लागलेलं ऐकलं आहे, “काऊन एवढा जीव जाळून राहिल्या ताई? सोडून द्या मनातलं. करून टाका सही, हलकं वाटंल तुम्हाले.” मग यंत्रावर अंगठा, छोट्या कॅमेऱ्यात फोटो, आणि काम संपलं. त्या बाईने राग सोडला का? ते कोणी विचारलंच नाही. सही मात्र घेतली गेली.

ही एका घराची गोष्ट नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती. पुढे २००५ मध्ये ती देशभर झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो हे स्पष्ट केलं. कायद्याने दिलेलं घरात काढून घ्यायला कोणता उपाय उरतो? जबरदस्ती उघड दिसते, फसवणूक सापडते. उरतो तो मनःशांतीचा उपदेश. “माहेर तुटेल”, “आईच्या जिवाला लागेल”, “पैशापायी मन गढूळ करू नकोस.” ऐकणारीलाही ते खरं वाटतं, कारण तिला खरोखरच शांती हवी असते. तिच्या त्या ओढीची किंमत वसूल केली जाते, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

आता शांतीच्या तटाचं जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे. राग धरणाऱ्याचं नुकसान होतं, यात शंका नाही. झोप उडते, रक्तदाब वाढतो, समोर बसलेल्या लेकराच्या बोलण्याकडे लक्ष लागत नाही. ज्याने अपमान केला तो कधीच विसरून गेलेला असतो, त्याच्या मुलाबाळांच्या लग्नात तो जेवणावळी घालत असतो, आणि इकडे आपण रात्री दोन वाजता त्याला काय काय सुनवायचं राहून गेलं याची उजळणी करत असतो. आयुष्याचा इतका मोठा वाटा आपण त्या माणसाला फुकट देतो. त्याने आधी जे हिरावलं त्यावर हे वरचं देणं. कोणी याला वैताग, कोणी स्वाभिमान म्हणेल, पण तो खड्डा आहे आणि त्यातून बाहेर यावंच लागतं. ज्यांनी नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आहे त्यांना हे शब्दांत सांगावं लागणार नाही. मौनात बसलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत जुनी भांडणंच वर येतात, वीस वर्षांपूर्वीची वाक्यं जशीच्या तशी ऐकू येतात. पण तिथली एक गोष्ट व्याख्यानवाल्यांनी नीट पाहावी. मैत्रीची साधना, सगळ्यांना क्षमा करण्याची आणि सगळ्यांची क्षमा मागण्याची, ती दहाव्या दिवशी येते. आधीचे नऊ दिवस जे आहे ते पाहण्यात जातात. जखम न पाहता पहिल्याच दिवशी क्षमा उच्चारायला तिथे कोणी लावत नाही. मग आपण दीड तासाच्या व्याख्यानात ती कशी मागतो?

न्यायाच्या तटाला वाटतं की राग बाहेर काढला की माणूस मोकळा होतो. आम्हा नागपूरकरांना तर हे रक्तातच ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, निघते, १८८० च्या दशकापासून निघते आहे. मागेपुढे बडगे, म्हणजे चालू त्रासांचे पुतळे, असतात. कोणता बडग्या महागाईचा, कोणता भ्रष्टाचाराचा, कोणता रस्त्यातल्या खड्ड्यांचा. गर्दीत उभं राहून “इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” ओरडताना घसा बसतो आणि छाती खरोखर हलकी होते. मला या मिरवणुकीत एक मोठं शहाणपण दिसतं. राग सोडायचा असेल तर आधी कशाचा राग आहे ते सगळ्या गावासमोर, नाव घेऊन, चेहरा देऊन मांडायचं, आणि मग वेशीबाहेर नेऊन जाळायचं. मुकाट गिळायचं नाही. ज्या शहराने ही रीत इतकी वर्षं पाळली त्या शहराला ‘काही झालंच नाही असं समजा’ हा उपदेश मुळात पचायला नको.

तरीही मारबतीची मर्यादा मारबतच दाखवते. दरवर्षी बडगे जळतात आणि पुढच्या पोळ्याला तेच विषय नव्या कागदाने मढवून उभे राहतात. ओरडण्याने खड्डा बुजत नाही. ओरडण्याने राग संपतो हेही पूर्ण खरं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ज्याने चिडवलं त्याचा विचार करत ठोसे मारायला पिशवी दिली, काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग आणखी चढला, बसलेल्यांचा त्या मानाने कमी राहिला. म्हणजे ‘घाल शिव्या, मोकळा हो’ हा सल्लाही तितकाच उथळ. रागाला खतपाणी घालून तो संपत नाही, हे न्यायाच्या तटाने मान्य करायला हवं.

पण म्हणून ‘माफ करा आणि संपवा’ हे उत्तर होतं का? अमेरिकेतच जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा लग्नानंतर चार वर्षं अभ्यास केला. जी माणसं जोडीदाराला सहज क्षमा करत त्यांच्या वाट्याला येणारा मानसिक आणि शारीरिक त्रास तसाच चालू राहिला. जी सहज क्षमा करत नव्हती त्यांच्या बाबतीत तो हळूहळू कमी झाला. आपल्याकडच्या कोणत्याही समुपदेशकाला विचारा, मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला ‘मोठ्या मनाने परत जा’ म्हणून पाठवल्यावर पुढे काय होतं ते. क्षमा करणाऱ्याचं मन मोठं होत असेल, पण समोरच्याचा हात थांबण्यासाठी त्याला काही किंमत मोजावी लागली पाहिजे. ती मोजायची सोय न करता दिलेली क्षमा म्हणजे पुढच्या वेळेचा परवाना.

आणि हा उपदेश करायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपण कधी विचारतच नाही. आपल्या परंपरेत त्याचं फार सुंदर उत्तर आहे. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं गेलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून ‘ताटी उघडा’ म्हणणारी मुक्ताबाई होती. जगाचा राग आगीसारखा झाला असेल तर संताने पाणी व्हावं, असं ती भावाला सांगते. हे अभंग आपण भजनात गातो आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट विसरतो. ती त्याच घरातली होती. तीच वाळीत टाकलेली, तेच आईबाप गमावलेली, त्याच शिव्या तिच्याही वाट्याला आलेल्या. त्याला हिणवणाऱ्यांपैकी कोणी येऊन ‘बाबा रे, शांत हो’ म्हणालं असतं तर ती ताटी उघडली असती का, आणि उघडायला हवी होती का? शिवाय मुक्ताबाई त्याला कशासाठी बाहेर बोलावते? काम करायला. रुसून बसल्याने त्याचं जे काम अडलं होतं ते पुढे न्यायला. तीच जखम ज्याच्या वाट्याला आली आहे त्याने ‘राग सोड’ म्हटलं तर तो आधार असतो. ज्याला त्या रागाची अडचण होते त्याने म्हटलं तर ती सोय असते, स्वतःची.

न्यायाच्या तटाचा सगळ्यात बळकट मुद्दा असा की राग नसता तर जगात काही बदललंच नसतं. तो मुद्दा नागपूरकराला हसून उडवता येत नाही. १३ ऑगस्ट २००४ ला इथल्या जिल्हा न्यायालयात, न्यायालयाच्या आवारात आणलेल्या अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार मारलं. कस्तुरबा नगरातल्या बायका वर्षानुवर्षं त्याची दहशत सोसत होत्या, आणि तक्रारींची दखल घेतली जात नाही अशी त्यांची व्यथा होती. खटला चालला, आणि २०१४ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्या वस्तीला २००३ मध्ये कोणी जाऊन क्षमेवर व्याख्यान दिलं असतं तर ते कोणत्या तोंडाने दिलं असतं? मी त्या दिवसाचं समर्थन करत नाही. न्यायाधीशाच्या दारात जमावाने निकाल लावणं ही सगळ्यांच्याच पराभवाची खूण आहे, आणि त्यानंतरची दहा वर्षं ज्यांच्यावर खटला चालला त्यांनी काय सोसलं असेल याचाही विचार करावा. पण तो राग कुठून आला ते नीट पाहा. दावा मांडायची वाट बंद झाली तिथून तो आला. पहिली तक्रार वेळेवर नोंदवली गेली असती तर त्या बायकांना रागाची इतकी गरज पडली नसती. ज्यांना समाजात शांती हवी आहे त्यांनी आधी पोलीस ठाण्यातल्या तक्रारवहीची काळजी करावी, लोकांच्या मनाची नंतर.

‘रागानेच बदल होतो’ या म्हणण्याची कसोटी मात्र महाडला लागते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, जेवणाची भांडी उलथली गेली, डोकी फुटली. त्या जमावात फौजेतून निवृत्त झालेली माणसं होती, प्रतिहल्ला करायची ताकद होती, आणि इच्छाही होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. न्यायाच्या तटातल्या किती जणांना वाटतं की तिथे लढाई थांबली? ती तिथून सुरू झाली. हल्लेखोरांवर खटले झाले आणि त्यांतल्या काहींना शिक्षा झाल्या. तळं खासगी असल्याचा दावा सवर्णांनी कोर्टात नेला, आणि तो लढवत लढवत १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल तळं सगळ्यांना खुलं असल्याच्या बाजूने लागला. दहा वर्षं. दहा वर्षं कागद, तारखा, साक्षी, वकील. नुसता संताप इतका टिकत नाही. तो एका रात्रीत घरं जाळतो किंवा महिन्याभरात थकून जातो. दहा वर्षं टिकतो तो निर्धार, आणि त्याला डोकं थंड लागतं.

तेच पुढे आपल्या शहरात मोठ्या प्रमाणावर घडलं. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षं अभ्यासात, तुलनेत, विचारात गेली. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी हे शहर का निवडलं ते सांगितलं, आणि त्यात कोणाला खिजवण्यासाठी ते निवडलेलं नाही, नागांच्या इतिहासाशी या भूमीचं जे नातं आहे त्यासाठी ते निवडलं, हे मुद्दाम स्पष्ट केलं. इतक्या पिढ्यांचा अपमान पाठीशी असताना त्या क्षणी ‘मी हे तुमच्यावरच्या रागातून करत नाही’ असं म्हणता येणं, यात केवढी ताकद आहे! आणि दावा? तो कणभरही कमी केला नाही. बावीस प्रतिज्ञा वाचाव्यात, त्यांत कुठेही मिळमिळीतपणा सापडत नाही. दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंच्या हातात पुस्तकं असतात. तिथे मला डूख दिसत नाही आणि शरणागतीही दिसत नाही.

ज्या धम्माकडे ते वळले त्यात वैराने वैर शमत नाही हे वचन आहे, आणि शांतीचा तट ते हमखास उद्धृत करतो. पण ते वचन ज्या कथेत येतं ती कथा पूर्ण सांगणारा मला क्वचितच भेटला. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलच्या दुबळ्या दीघिती राजाचं सगळं राज्य घेतलं. राजाराणी वेश पालटून काशीतच एका कुंभाराच्या घरी राहिले, पुढे पकडले गेले, आणि त्यांचे तुकडे करून चार दिशांना टाकले. मरताना बापाने गर्दीतल्या मुलाला ऐकू जाईल असं सांगितलं की वैर वैराने शमत नाही. मुलगा दीघावू शत्रूच्याच हत्तीखान्यात नोकरीला राहिला, राजाच्या मर्जीत आला, आणि एके दिवशी रानात राजा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मुलाने तीनदा तलवार उपसली, तीनदा म्यान केली. राजा दचकून जागा झाला तेव्हा दीघावूने आपण कोण ते सांगून टाकलं. दोघांनी एकमेकांना जीवदान दिलं. इथपर्यंत कथा सांगितली जाते. पुढचं राहतं. ब्रह्मदत्ताने दीघावूला त्याच्या बापाचं सैन्य, वाहनं, मुलूख, खजिना, कोठारं, सगळं परत केलं. क्षमेची ही कथा राज्य परत मिळण्यावर संपते. ‘तू तलवार म्यान केलीस ना, मग आता राज्याचं नाव काढू नकोस’ असं त्यात कोणी म्हणत नाही. उलट तलवार म्यान झाली म्हणूनच राज्य परत करणं शक्य झालं, कारण घाबरलेला माणूस काही परत करत नाही, तो फक्त पहारे वाढवतो.

कोणी म्हणेल, दावाही सोडणारे मोठ्या मनाचे लोक इतिहासात नाहीत का? आहेत. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत श्रीलंकेचे, तेव्हाच्या सिलोनचे, प्रतिनिधी जे. आर. जयवर्धने यांनी हेच बुद्धवचन सांगून जपानकडून भरपाई घेणार नाही असं जाहीर केलं. मला ते भाषण आदरणीय वाटतं. पण त्यातल्या तीन गोष्टी लक्षात घ्याव्या. जपान हरलेला होता आणि जगासमोर उभा होता, म्हणजे चूक कोणाची हे ठरून गेलं होतं. कोणी सिलोनला ‘सोड’ म्हणून दडपलं नव्हतं. आणि सिलोनने फक्त आपल्या वाट्याचं सोडलं. चीन आणि कोरिया, ज्यांनी जपानी फौजांकडून कितीतरी जास्त सोसलं, ते त्या परिषदेत नव्हतेच. त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार जयवर्धन्यांनाही नव्हता. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरणही असंच अर्धवट दिलं जातं. डेस्मंड टुटू यांच्या सत्य आणि समेट आयोगाने १९९६ पासून वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांच्या सुनावण्या घेतल्या, पण माफी फुकट नव्हती. केलेलं कृत्य पूर्ण, उघडपणे सांगावं लागे. सातेक हजार अर्जांपैकी साडेआठशेच्या आसपासच मंजूर झाले. पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या व्यवस्थेलाच विरोध केला, आणि त्यांना कोणी लहान मनाचं म्हटलं नाही.

इथे शांतीच्या तटाचा शेवटचा आणि मला सगळ्यात कठीण वाटणारा प्रश्न येतो. न्याय मिळालाच नाही तर? २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी या गुराखी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या कारवाईनंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं फार. मागणी होती अनुसूचित जमातीच्या दर्जाची. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सव्वीस वर्षांनी हाती काय? सीताबर्डीच्या पुलाला नाव, झिरो माइलजवळ एक स्मारक. त्यांनी मनाने अजून १९९४ मध्येच उभं राहायचं का? नाही. आणि हे उत्तर देताना मी शांतीच्या तटासोबत आहे. जगणं निकालाच्या तारखेला बांधून ठेवता येत नाही. पण त्यांनी काय केलं ते पाहा ना. त्यांनी पोरांना शिकवलं, लग्नं केली, शेतं पेरली, गुरं राखली, आणि दरवर्षी २३ नोव्हेंबरला ते स्मारकाशी येतात. फुलं वाहतात आणि मागणी पुन्हा मांडतात. मागणी मांडायला प्रत्येक वेळी रडून-भेकून आत जाळ करून घ्यावा लागत नाही. तारीख असते, ती पाळायची असते. शांतीला निकालाची अट घालू नये, आणि दाव्याला संतापाची.

आमच्या नात्यातल्या एका आत्याने हे आपल्या परीने साधलेलं मी पाहते आहे. भावांनी हिस्सा नाकारला, तिने वाटणीचा दावा लावला. वर्षभर दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं आणि ती फार वाळली. मग भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती स्वतःहून माहेरी गेली. आंबील वाढायला घेतली, सोळा भाज्यांची भाजी निवडायला बसली, जशी लहानपणापासून बसत आली होती. धाकट्या भावाला वाटलं, आता खटला मागे घेईल. संध्याकाळी निघताना त्याने तसं विचारलंही. ती म्हणाली, “देवीचं देवीपाशी, कोर्टाचं कोर्टात. पुढची तारीख तुला माहीतच आहे.” दावा अजून चालू आहे. ती रात्री झोपते, हे मला ठाऊक आहे, कारण आधी झोपत नव्हती तेही मी पाहिलं आहे. भावांना मात्र ती आता जास्त जड जाते. भांडणाऱ्या बहिणीला ‘तिचं डोकं फिरलंय’ म्हणता येत होतं.

सगळ्यांना हे जमणार नाही. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला ज्यांची बायको, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली, ते भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारले, न्यायाच्या पुढच्या पायरीची वाट पाहत. त्यांच्यापुढे उभं राहून क्षमेचा शब्द काढायची माझी प्राज्ञा नाही, आणि कोणाचीच नसावी. काही जखमा अशा असतात की माणूस त्यांच्यासह जगतो हीच मोठी गोष्ट असते. त्याच्या मनात शांती नाही म्हणून त्याला कमी आध्यात्मिक ठरवणं हा दुसरा अन्याय आहे.

मग आपण, म्हणजे आजूबाजूचे लोक, काय करणार? उपदेशाची दिशा बदलणार का? इतवारीतले जैन शेजारी पर्युषणाच्या शेवटी दारोदार जाऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. प्रत्येकजण स्वतःच्या चुकीची क्षमा मागतो, दुसऱ्याने मला क्षमा करावीच असा धोशा लावत नाही. मागण्याचं ओझं तिथे करणाऱ्याच्या डोक्यावर आहे. आणि दीघावूची कथा बुद्धाने कोणाला सांगितली तेही पाहण्यासारखं आहे. कोसंबीचे भिक्खू एका क्षुल्लक नियमावरून दोन गट करून भांडत होते, त्यांना ती सांगितली. त्यांनी ऐकलं नाही. भगवंतांनी आपलं सुखाने राहावं, भांडणाचं आम्ही पाहून घेऊ, असं त्यांनी उत्तर दिलं, आणि बुद्ध त्यांना सोडून रानात निघून गेले. खुद्द बुद्धाच्या व्याख्यानाने ते भांडण मिटलं नाही. मिटवलं कोसंबीच्या गृहस्थांनी. त्यांनी या भिक्खूंना नमस्कार करणं सोडलं, उठून उभं राहणं सोडलं, आणि भिक्षा देणं बंद केलं. मग ते भिक्खू श्रावस्तीला गेले आणि त्यांनी समेट केला.

आपल्या गल्लीत असा एक तरी भाऊ आहे ज्याने बहिणीची सही घेऊन तिचा हिस्सा पचवला आहे, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर त्याचं नाव सगळ्यात वर असतं, वास्तुशांतीला आपण त्याच्याकडे जेवून येतो, सोसायटीच्या सभेत त्याला अध्यक्षाची खुर्ची देतो. त्याच्या बहिणीला मन मोठं करायला सांगण्याआधी त्याचं पुढचं आमंत्रण आपण नाकारणार आहोत का, आणि का नाकारलं ते त्याला तोंडावर सांगणार आहोत का?